संथ पाणी, गळ आणि हवेची कयाक: कमी बजेटमध्ये निवड कशी करावी

माझी पहिली हवेची कयाक, म्हणजे हवा भरून वल्हवायची अरुंद होडी, मी फोटो बघून घेतली. फोटोत आरशासारख्या पाण्यावर एक माणूस रॉड धरून निवांत बसला होता. मी पाण्यात उतरलो आणि तासाभरात कंबर धरली. टॅकलची, म्हणजे गळ-दोऱ्याच्या सामानाची, पेटी ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती दोन पायांच्या मध्ये ठेवली, तर गुडघे वळवता येईनात. थोडा वारा सुटला आणि कयाक जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरायला लागली. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात वल्हं, आणि दोन्हींपैकी एकही काम धड होईना. कयाक फुटली नव्हती की कुठे गळत नव्हती. वस्तू चांगली होती, पण ती तासभर मजेत पाण्यात डुंबायला बनवलेली होती. चार तास बसून गळ टाकायला नव्हे.

कमी पैशांत कयाक घेताना हाच फरक पैसे देण्याआधी ओळखता यायला हवा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. इथे जे सांगतो ते संथ पाण्यापुरतं आहे: तळं, जलाशयाचा आडोशाचा भाग, ओढ नसलेली नदी. समुद्र, खळाळती नदी, पुराचं पाणी यांत स्वस्त हवेची कयाक घालूच नये.

आधी वजनाचा हिशोब

दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी कागद घ्या आणि आपण पाण्यावर काय काय नेणार ते वजनासकट लिहून काढा. अंदाजाने नको, जमेल ते काट्यावर ठेवून. उदाहरणार्थ, माणूस ७८ किलो. अंगावरचे कपडे, बूट आणि लाइफ जॅकेट ४ किलो. दोन रॉड, रील आणि टॅकल ५ किलो. नांगर आणि दोर ३ किलो. पिण्याचं पाणी आणि खाणं ४ किलो. मासे ठेवायचा डबा, थोड्या बर्फासकट, ६ किलो. झाले बरोबर १०० किलो.

आता कयाकवर छापलेली क्षमता बघा. त्या आकड्याइतकं वजन घातलं तर कयाक तरंगते, बुडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. ती नीट चालेल असा त्याचा अर्थ नाही. कमी दाबाची कयाक जास्त वजनाखाली मधोमध खाली दबते आणि दोन्ही टोकं वर उचलली जातात, म्हणजे ती केळ्यासारखी वाकते. मग सरळ जात नाही, वल्हवायला जड होते आणि छोटी लाटही काठावरून आत येते. म्हणून माझा नियम असा: छापलेल्या क्षमतेच्या दोनतृतीयांशापर्यंतच वजन न्यायचं. वरच्या हिशोबातल्या माणसाला कमीत कमी १५० किलो क्षमतेची कयाक लागेल.

हा नियम लावला की बाजारातली अर्धी गर्दी आपोआप बाजूला होते. इंटेक्सची चॅलेंजर के१ ही एकट्याची छोटी कयाक घ्या. तिची क्षमता १०० किलो. सडपातळ माणसाने मोकळ्या हाताने फेरफटका मारायला ती छान आहे, पण वरच्या हिशोबात ती पहिल्याच दिवशी काठोकाठ भरते. त्याच कंपनीच्या एक्सप्लोरर के२ ची क्षमता १८० किलो. ती दोघांची म्हणून विकली जाते, पण दोन मोठी माणसं आणि मासेमारीचं सामान घातलं की १७० किलो सहज होतात. एकट्याला मात्र ती ऐसपैस.

म्हणूनच मासेमारीसाठी दोघांची कयाक घ्यावी आणि एकट्याने वापरावी. हवेच्या कयाकच्या बाजूच्या नळ्या जाड असतात. बाहेरून ९० सेंमी रुंद दिसणारी कयाक आतून त्याच्या निम्मीच हाताशी येते. दोघांच्या कयाकमध्ये ही उणीव लांबीने भरून निघते. फक्त एक गोष्ट घेण्याआधी तपासा: पुढचं आसन काढता येतं का, आणि मागचं आसन पुढे सरकवून मध्याच्या जरा मागे बांधता येतं का. आसन मागच्या टोकालाच अडकलेलं असेल तर एकटं बसल्यावर पुढचं टोक हवेत उचललं जातं आणि वारा तेच पकडून कयाक फिरवतो.

कापड, थर आणि डेनियरचा अर्थ

स्वस्त आणि मध्यम गटात तीन प्रकार भेटतात.

पहिला साध्या व्हायनिलचा. हवेच्या गादीसारखा एकच जाड थर. जाहिरातीत याची जाडी गेजमध्ये सांगतात. ३० गेज म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर. वजनाला हलका, पुसला की कोरडा, आणि ठिगळ लावायला सगळ्यात सोपा. पण याला आधार देणारं कापड नसतं, त्यामुळे दाब वाढला की तो ताणला जातो आणि टोकदार काडीपुढे त्याचं फार चालत नाही.

दुसरा कापडी खोळीचा. आत व्हायनिलची पातळ नळी, बाहेरून नायलॉन किंवा पॉलिएस्टरची चेन लावलेली खोळ, आणि तळाला ताडपत्रीसारखं जाड कापड. इथे डेनियर हा शब्द भेटतो. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितकं डेनियर. म्हणजे ८४० डेनियरपेक्षा १००० डेनियरचा धागा जाड. आकडा मोठा म्हणजे कापड घासण्याला जास्त टिकणारं, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. ओरखडे खोळ झेलते आणि नळी पंक्चर झालीच तर तेवढीच बदलता येते. एक मोठी अडचण मात्र आहे. खोळ आणि नळीच्या मध्ये पाणी शिरतं आणि ते लवकर सुकत नाही. तुमच्याकडे गच्ची, अंगण, निदान मोठी बाल्कनी नसेल तर हा प्रकार घेऊ नका. ओली खोळ गुंडाळून ठेवली की चार दिवसांत बुरशीचा वास येतो आणि तो सहजासहजी जात नाही.

तिसरा पीव्हीसीच्या तीन थरांचा. मध्ये पॉलिएस्टरची जाळी, दोन्ही बाजूंनी पीव्हीसी. खोळ नाही, म्हणून पाणी अडकत नाही. मध्ये जाळी असल्याने ताणला जात नाही, म्हणून दाब जास्त घेतो. इंटेक्सची एक्स्कर्शन प्रो या गटातली. मासेमारीसाठी माझं मत सरळ याच्या बाजूने आहे. पैसे थोडे कमी पडत असतील तर दोन महिने थांबा, पण हे घ्या. अगदीच शक्य नसेल, आणि तुमच्या पाण्याचा काठ वाळूचा किंवा गवताचा असेल, पाण्यात बुडालेली झाडं नसतील, तर साधं व्हायनिलही काम देतं.

तळाबद्दल दोन शब्द. स्वस्त कयाकचा तळ लांब नळ्यांचा किंवा पन्हाळीसारखा असतो. ड्रॉप-स्टिच तळात वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो बारीक धागे असतात, त्यामुळे जास्त दाब भरला तरी तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. संपूर्ण ड्रॉप-स्टिच कयाक महाग असते. पण फक्त तळ ड्रॉप-स्टिचचा असलेली कयाक आवाक्यात येत असेल तर वाढीव पैसे तिथेच खर्च करा. कयाक केळ्यासारखी वाकण्यावर याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

लांबी, रुंदी, स्केग आणि वारा

रुंदी ८५ ते १०० सेंमी असली की बसून गळ टाकायला पुरेशी स्थिरता मिळते. लांबी ३ मीटरच्या खाली असेल तर कयाक प्रत्येक वल्ह्यागणिक डोकं डावी-उजवीकडे हलवते. ३.१ ते ३.८ मीटर हा मला सगळ्यात उपयोगी पट्टा वाटतो. त्याहून लांब कयाक एकट्याने उचलणं आणि वळवणं जड जातं.

स्केग म्हणजे तळाला मागच्या बाजूला लावायचा पंख. हवेच्या कयाकचा तळ सपाट आणि हलका असतो, पाण्यात तिची पकड जवळजवळ नसते. स्केग ती पकड देतो. स्केगशिवाय मासेमारीची हवेची कयाक मी फुकट मिळाली तरी घेणार नाही. तो काढता येणारा असावा, कारण उथळ पाण्यात तो तळाला घासतो आणि मुळापाशी कयाकचं कापड ओढतो. काही संचांत उथळ पाण्यासाठी आखूड आणि खोल पाण्यासाठी लांब असे दोन मिळतात, तो संच चांगला. स्केग गुंडाळून ठेवताना वाकला असेल तर तो गरम पाणी ओतून सरळ करता येतो.

आणि वारा. ही कयाक पाण्यात रुतत नाही, पाण्यावर बसते, म्हणून वारा तिला पानासारखी ढकलतो. वल्हवून तिचा वेग ताशी ३ ते ४ किलोमीटरच्या आसपास राहतो. काठावरच्या झाडांची पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरचा आहे असं समजा. अशा वाऱ्यात काठाच्या आडोशालाच राहा. लाटांची टोकं पांढरी दिसायला लागली असतील तर उतरूच नका. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा असतो. काठावर उभं राहिलं की पाणी शांत दिसतं, आणि आत गेल्यावर परत येता येत नाही. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर वाराच तुम्हाला घरी आणतो.

कप्पे आणि व्हॉल्व्ह

हवेचे कमीत कमी तीन वेगळे कप्पे हवेत: दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक. घेतल्यावर काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, मुद्दाम एका बाजूची हवा सोडून बघा. कयाक एका अंगाला झुकेल, पण तळ आणि दुसरी बाजू तिला धरून ठेवतात का, आणि त्या अवस्थेत तुम्ही पंधरा-वीस मीटर वल्हवू शकता का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढे पाण्यावर घाबरायला होत नाही.

व्हॉल्व्ह तीन तऱ्हेचे. खेळण्याच्या चेंडूला असतो तसा चिमटीत धरून फुंकायचा व्हॉल्व्ह मुख्य कप्प्याला असेल तर ती कयाक सोडून द्या. आसनाला असेल तर चालेल. बोस्टन व्हॉल्व्ह दोन झाकणांचा असतो, मधल्या पडद्यामुळे भरताना हवा परत येत नाही, आणि मोठं झाकण काढलं की हवा झपकन सुटते. स्वस्त कयाकमध्ये हाच बहुधा असतो आणि तो पुरेसा आहे. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह सगळ्यात चांगला, त्यावर दाबमापक लावून दाब नेमका बघता येतो. कुठलाही असो, त्याच्या कडेला वाळूचा कण बसला की हवा गळते. कयाक गळते अशी तक्रार असेल तर आधी व्हॉल्व्हच बघावा.

आसन

आसनाकडे लोक शेवटी बघतात. मी ते वजनाच्या हिशोबाच्या लगेच खाली ठेवतो, कारण मासेमारीत वल्हवणं थोडं आणि बसणं फार.

फुगवायचं आसन मऊ असतं, पण पाठीला टेकलं की मागे कलंडतं. तपासायची गोष्ट म्हणजे त्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी पुढे आणि मागे असे चार पट्टे आहेत का. चार पट्ट्यांचं आसन ताठ राहतं. दुसरी गोष्ट बैठकीची उंची. ढुंगण आणि टाचा एकाच पातळीवर असतील तर मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जातात आणि कंबर दुखते. बैठक टाचांपेक्षा ८ ते १० सेंमी उंच असली की कंबर सैलावते. त्याहून फार उंच केली तर कयाक डगमगते. आसन खालचं असेल तर ते बदलायची गरज नाही, दाट फोमचा एक तुकडा खाली घाला. पायांना टेकू लागेल. तो नसेल तर टॅकलची मऊ पिशवी पायांपुढे बांधा. टेकू मिळाला की वल्ह्याचा जोर हातांऐवजी पाठीतून आणि पायांतून येतो.

जमलं तर घेण्याआधी कुणाच्या तरी कयाकमध्ये नुसतं वीस मिनिटं बसा. जमिनीवर बसलात तरी चालेल.

उभं राहून गळ टाकण्याची चित्रं बघून फसू नका. स्वस्त कयाकचा तळ पायाखाली दबतो. बसूनच टाका. बसून टाकायला रॉड थोडा आखूड हवा, १.८ ते २ मीटरचा.

गळ आणि हवा यांची सोबत

लोकांची पहिली शंका हीच असते: गळ लागून कयाक फुटली तर? माझ्याकडे कापडी खोळीची कयाक असतानाची गोष्ट सांगतो. तीन टोकांच्या दोन गळांचा लूअर, म्हणजे नकली आमिष, होता. मासा कयाकला लागून वर आला, पुढचा गळ त्याच्या जबड्यात आणि मागचा मोकळा. मी जाळी घ्यायला वळलो तेवढ्यात त्याने शेपटीचा फटका मारला आणि मोकळ्या गळाचं एक टोक खोळीत घुसलं. आता एका बाजूला खोळ, दुसऱ्या बाजूला तडफडणारा मासा, आणि मध्ये चार बोटांचा लूअर. ओढलं असतं तर गळाच्या उलट्या काट्याने आतल्या नळीपर्यंत चीर पडली असती. मी ओल्या फडक्याने मासा घट्ट दाबून धरला, पक्कडीने मागचा गळ लूअरच्या कडीपासूनच तोडला आणि मग तो आत ढकलून, काटा मोकळा करून बाहेर काढला. आतली नळी शाबूत होती. त्या दिवसापासून मी तीन टोकांचे गळ काढून एकाच टोकाचे लावतो, आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकतो. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि गळ कापडातून, माशातून, बोटातूनही सहज निघतो.

तरी माझ्या अनुभवात गळापेक्षा माशांच्या काट्यांची भीती जास्त. टिलापियासारख्या माशाच्या पाठीवरचे काटे आणि कॅटफिश गटातल्या माशांच्या छातीपाशी असलेले ताठ काटे मऊ व्हायनिलमध्ये सुईसारखे शिरतात. असा मासा तळावर मोकळा टाकायचा नाही. तळावर योगाची जुनी चटई किंवा फोमची शीट अंथरा आणि मासा थेट कडक प्लॅस्टिकच्या डब्यात सोडा. सुरी म्यानात, पक्कड दोरीला बांधलेली, गळ डबीत. काठावरून कयाकमध्ये बसण्याआधी बुटांच्या तळाला खडे चिकटलेत का ते बघा, कारण अर्धी पंक्चरं तिथूनच येतात.

रॉड होल्डरसाठी हवेच्या कयाकला भोक पाडता येत नाही, हे उघड आहे. एक्स्कर्शन प्रोसारख्या काही कयाकमध्ये होल्डर आधीच असतात किंवा ते बसवायची पट्टी सोबत येते. नसेल तर दोन वाटा. चिकटवायचे पीव्हीसी पाये मिळतात, पण ते कयाकच्या कापडाला जुळणाऱ्या गोंदानेच चिकटवावे लागतात. त्यापेक्षा सोपी आणि मला आवडणारी वाट म्हणजे आसनाच्या मागे दुधाच्या पिशव्यांसाठी असतो तसा प्लॅस्टिकचा क्रेट ठेवायचा, त्याला पाइपचे दोन-तीन तुकडे पट्ट्यांनी उभे बांधायचे आणि त्यांत रॉड उभे करायचे. क्रेटच्या चारही कोपऱ्यांखाली रबर किंवा फोम लावा, नाहीतर तेच कोपरे तळ घासतील. प्रत्येक रॉडला आणि वल्ह्याला एक दोरी हवीच. पाण्यात पडलेलं वल्हं वारा तुमच्यापेक्षा लवकर घेऊन जातो.

नांगर घडीचा, दीड किलोच्या आसपासचा. त्याच्या फाळांना कापडी पिशवी घाला. दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी सोडा, नाहीतर नांगर धरत नाही, नुसता घसटत जातो. दोर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायचा, बाजूला कधीच नाही, कारण ओढ आली की बाजूला बांधलेली कयाक आडवी होऊन कलंडते. गाठ एका ओढीत सुटेल अशी मारा. वाहत्या पाण्यात नांगर टाकूच नका.

बजेटचा तिसरा हिस्सा बाजूला

सगळे पैसे कयाकमध्ये घालू नका. हातातल्या रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा आधी जॅकेट, वल्हं आणि पंप यांसाठी वेगळा काढा, आणि उरलेल्यात कयाक शोधा. हा क्रम उलटा केला की शेवटी जॅकेटवर काटछाट होते. तिथेच ती करायची नसते.

जॅकेट फोमचं घ्या. फुगणारं जॅकेट आणि गळ एकत्र नांदत नाहीत. न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला, मदत जवळ असेल अशा ठिकाणी पुरतं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं. मासेमारीसाठीच्या जॅकेटचा पाठीमागचा फोम वरच्या बाजूला असतो, त्यामुळे आसनाच्या पाठीशी तो भांडत नाही. अंगात घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकत असेल तर माप चुकलं. जॅकेट अंगातच हवं. मागे बांधून ठेवलेलं जॅकेट गरज पडते तेव्हा हाताशी नसतं. त्याला एक शिट्टी अडकवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून अंगावर ठेवा.

संचातलं वल्हं बहुधा आखूड असतं, २१८ सेंमीच्या आसपास. ९० सेंमी रुंद कयाकमध्ये खाली बसून ते मारलं की बोटांची पेरं नळीला घासतात आणि पाणी मांडीवर ठिबकतं. २३० ते २४० सेंमीचं वल्हं घ्या. पंप दोन्ही दिशांना हवा भरणारा हाताचा पंप बरा, आणि तो दाबमापकासकट मिळाला तर सोन्याहून पिवळं. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर वापरू नका. तो दाब फार देतो आणि हवा थोडी, त्यात एखादा कप्पा कधी फाटला ते कळतही नाही.

जुनी कयाक मिळत असेल तर ती हवा भरलेल्या अवस्थेतच बघायची, घडी केलेली नाही. घड्यांच्या जागी पांढऱ्या रेषा, चिकट झालेला पृष्ठभाग किंवा शिवणीपाशी उचललेली कड दिसली तर घेऊ नका. ठिगळ असणं वाईट नाही. ठिगळ शिवणीवर असणं वाईट.

घरातली पहिली रात्र

कयाक घरी आली की थेट पाण्यावर नेऊ नका. पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच कप्पे भरा, कारण क्रम चुकला की तळ तिरका बसतो. दाबही पुस्तिकेतलाच. साध्या व्हायनिलला १ पीएसआयच्या (दर चौरस इंचावर एक पौंड दाब) आसपास, तीन थरांच्या पीव्हीसीला साधारण २ ते ३, ड्रॉप-स्टिच तळाला त्याहून बराच जास्त. काही व्हायनिलच्या कयाकवर पट्टी छापलेली असते. भरताना ती ताणून ठरलेल्या लांबीची झाली की थांबायचं. मग कयाक घरात, सावलीत, चोवीस तास तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी किंचित सैल वाटणं ठीक आहे, पण एकच कप्पा दुसऱ्यांपेक्षा जास्त पडला असेल तर साबणाचं पाणी फडक्याने शिवणीवर आणि व्हॉल्व्हवर फिरवा आणि बुडबुडे शोधा. माल परत करायची मुदत चालू असतानाच हे करायचं.

तापमानाचा खेळ समजून घ्या, नाहीतर चांगली कयाक गळकी वाटेल किंवा उन्हात फाटेल. कप्प्यातला १ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १ जास्त. बाहेरची हवा स्वतः १४.७ चा दाब देते, म्हणून आतला खरा दाब १५.७. सकाळी १५ अंशांत भरलेली कयाक दुपारी उन्हात तापून ४५ अंशांवर गेली तर हा संपूर्ण १५.७ दहा टक्क्यांनी वाढू बघतो. म्हणजे १ चा दाब अडीचच्या घरात. व्हायनिल ताणून थोडा भार सोसतं, पण ताण शिवणीवर येतो. म्हणून जेवायला काठावर थांबलात तर कयाक अर्धी पाण्यात किंवा सावलीत ठेवा, आणि उन्हात ठेवायचीच असेल तर थोडी हवा सोडा.

याचंच दुसरं टोक: तापलेल्या काठावर ३८ अंशांत भरलेली कयाक २४ अंशांच्या पाण्यात टाकली की आतली हवा थंड होते आणि १ चा दाब निम्म्याहून खाली येऊ शकतो. ही गळती नव्हे. भरून झाल्यावर कयाक दहा मिनिटं पाण्यात तरंगू द्या, मग पंपाचे चार दट्टे आणखी मारा, आणि त्यानंतर सामान चढवा.

पाण्यावरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा. जॅकेट घालून, छातीइतक्या पाण्यात, मुद्दाम कयाकमधून बाहेर पडा आणि परत चढा. कयाकच्या मध्याशी या, दोन्ही हात आतल्या बाजूला टाका, पाय मागे आडवे करून पाणी मारा आणि पोटावर आत घसरा. मग कुशीवर वळून बसा. हातांनी स्वतःला सरळ वर उचलायचा प्रयत्न केला तर कयाक अंगावर येते. कयाक उलटी झाली तर वर आलेल्या तळावरून पलीकडची दोरी धरून तिला स्वतःकडे पलटी मारा. हे तीनदा जमलं की पुढच्या खेपेला रॉड न्या. जमलं नाही तर एकट्याने आत जाऊ नका.

अंगावर लावायच्या कीटकरोधकाकडेही लक्ष द्या. डीट असलेलं औषध व्हायनिलला विरघळवतं. ते हाताला चोळून लगेच नळीवर हात टेकू नका. आधी हात धुवा.

परत आल्यावर

काठावरच कयाक उलटी करून पाणी आणि पाणवनस्पतींचे तुकडे काढून टाका. एका तळ्यातलं गवत आणि शिंपले दुसऱ्या तळ्यात नेणं मासेमारी करणाऱ्यांनीच थांबवायला हवं. तळाच्या पन्हाळींमध्ये वाळू दडून बसते. ती तशीच राहिली तर गुंडाळलेल्या कयाकमध्ये सँडपेपरचं काम करते. गोड्या पाण्याने धुवा आणि सुकेपर्यंत सावलीत ठेवा.

पंक्चर झालंच तर घाई करू नका. हवा पूर्ण काढा, जागा सपाट करा, अल्कोहोलने पुसा आणि कोरडी होऊ द्या. ठिगळ गोल कापा, चौकोनाचे कोपरे उचलले जातात. छिद्राच्या चारही बाजूंना ३ ते ५ सेंमी बाहेर जाईल इतकं मोठं घ्या. गोंदही कयाकच्या कापडाला जुळणाराच हवा. दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर लावा, चिकटसर होईपर्यंत थांबा, मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि वर जड पुस्तकं ठेवून एक पूर्ण दिवस हात लावू नका. शिवणीवरच्या छिद्राला हा उपाय टिकत नाही.

ठेवताना सैल गुंडाळा, घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, आणि स्केग वेगळा सपाट ठेवा. उंदरांना पीव्हीसीची ओढ नसते, पण मासळीच्या वासाची असते, म्हणून झाकणाच्या कडक डब्यात ठेवलेली बरी. महिनाभराने काढाल तेव्हा आदल्या रात्री पुन्हा हवा भरून घरातच ठेवा, आणि सकाळी सगळ्या कप्प्यांवर एकदा अंगठा दाबून बघा.